दादासाठी धरलेले उपास

बिल्डिंगमधल्या बायका हल्ली मला जिन्यात अडवतात. "काय गं, कसं उतरवलंस एवढं?" मी सांगते, चाला, वेळेवर जेवा आणि उपास सोडा. तिसरं ऐकलं की तोंडं वाकडी होतात. म्हणून एकदा नीट सांगूनच टाकते.

हेंद्रेपाड्यात आम्ही तिघं राहतो, आई, दादा आणि मी. दादा अंबरनाथला कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डायलिसिस सुरू झालं. आईला डायबेटिस, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. माझी जुळली. पण डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ताई, आधी वजन उतरवा. एवढ्या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही." लाज वाटली, संतापही आला. भाऊ तिकडे सुकत चाललाय आणि माझी चरबी मध्ये आडवी!

मग मी काय केलं, तर उपास धरले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. वजनही उतरेल आणि देवही दादाकडे बघेल. आई खूश. सकाळीच साबुदाण्याची खिचडी करायची, दाण्याचं कूट सढळ हाताने, वर तूप. शिवाय डब्यात बटाट्याचा कीस. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कपड्यांच्या दुकानात मी काउंटरला असते. समोरच्या गाडीवरच्या तळलेल्या दालपकवानकडे मी ढुंकून बघायची नाही, आणि डबा मात्र चाटूनपुसून साफ. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय!

पुढच्या तपासणीला काटा आणखी वर. खिचडीचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

उपास बंद केले. जिमबिम नाही, ती थेरं आपल्याला झेपत नाहीत. दुकानातून स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडली आणि चालायला लागले. सकाळी पोटभर न्याहारी, दुपारी भाजी जास्त न् भात थोडा, रात्रीचं जेवण लवकर. पोटऱ्या भरून यायच्या, कंटाळा यायचा. लोक मोटिव्हेशनसाठी मोबाईलवर व्हिडिओ बघतात. माझं मोटिव्हेशन घरात पलंगावर पडलेलं होतं, सुजलेल्या चेहऱ्याने.

पण आई ऐकेना. पोळीच्या पदरात तूप लपवायची, माझी पाठ वळली की भाजीत कूट घालायची. एका सोमवारी पुन्हा खिचडीचं ताट पुढ्यात आलं आणि मी भडकले.

"आई, दादा बरा व्हायला नकोय का तुला?"

ती ताटाशेजारी खाली बसली. "हवाय गं. पण त्यासाठी तुला कापणार ना? तू तरी धडधाकट आहेस. दोघंही एकाच दिवशी आत गेलात तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस मला वाटत होतं, हिला काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं. मी तिच्याजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला. मग तीच उठली आणि ताट उचलून नेलं.

संध्याकाळी दुधीची भाजी आणि भाकरी होती. सवयीने मी आणखी एक मागितली. आईने टोपलीवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "पुरे." जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून मी हा शब्द ऐकला. त्यानंतर मात्र वजन खरंच उतरत गेलं, आणि डॉक्टर हो म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी आई दिवसभर बाहेर एकटी बसून होती. शुद्धीवर आल्यावर माझे टाके ठणकत होते, तरी पहिला प्रश्न तोच. "दादा?"

आईने माझा हात घट्ट धरला. गेले कित्येक महिने दादाची लघवी जवळजवळ बंदच होती. "झाली गं," ती म्हणाली, "पिशवी भरली त्याची," आणि भर वॉर्डात मोठमोठ्याने रडायला लागली.