शार्क आणि लातूरचा पाहुणा

लातूरमध्ये शार्क नाहीत, आणि त्याबद्दल माझी कधीच काही तक्रार नव्हती. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्यापलीकडे आमची ओळख वाढावी असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

पण आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि हैदराबादला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं, रेणुकानं, आम्हाला मालदीवला न्यायचं ठरवलं. तिथं म्हणे पोहता न येणाऱ्यालाही पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली नेतात आणि शार्क दाखवतात. मला वाटलं, सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, साफ नकार देतील. पण ती अर्धापूरची, केळीच्या बागेतल्या विहिरीत उड्या मारत वाढलेली. तिनं फक्त कधी निघायचं तेवढं विचारलं. (मी लातूरचा. आमच्याकडे पोहण्याएवढं पाणी एका जागी दिसलंच, तर माणसं आधी घागरी आणतात.)

सरावासाठी अर्धापूर गाठलं. मेहुण्यानं, दिगंबरनं, माझ्या कमरेला दोर बांधून मला विहिरीत सोडलं आणि काठावरून धीर दिला, "दाजी, हिरीत शार्क न्हाई. एक कासव हाय, पर ते लई गरीब हाय."

त्या गरीब कासवानं डोकं वर काढलं मात्र, मी दोर धरून जो निघालो तो थेट दिगंबरच्या गळ्यात.

मालदीवला पोचल्यावर किनाऱ्यावर दोन बोटवाले भेटले. एक म्हणाला, आम्ही माशांचे तुकडे टाकतो, शार्क गोळा होतात, दिसण्याची गॅरंटी. दुसरा, सलीम नावाचा, सिनेमातून शिकलेल्या हिंदीत म्हणाला की आम्ही काही टाकत नाही, कुणाला हात लावत नाही. आले तर आले, नाहीतर नाही. 'नाहीतर नाही' हे शब्द ऐकताच माझ्यातला निसर्गप्रेमी खडबडून जागा झाला. मी तिथंच व्याख्यान ठोकलं: रानटी जनावराला आयतं खायला घालणं चूक आहे, त्याची शिकारीची सवय मोडते, उद्या माणूस दिसला की ते ताटाची वाट बघेल. यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटी होती ती फक्त माझी नियत.

रेणुकाचे डोळे भरून आले. "पप्पा, मला वाटलं तुम्ही भिऊन टाळून राहिलात," ती म्हणाली. "तुम्ही तर त्यांचाच विचार करत होतात."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई अशा वेळी बोलत नाही, नुसती बघते.

सलीमनं सगळं समजावून सांगितलं. श्वास रोखायचा नाही, हातपाय झाडायचे नाहीत, कशालाही धरायचं नाही. मग आम्ही खाली गेलो. सलीमनं माझी टाकी मागून धरली होती. सगळीकडे निळंशार, आणि माझ्या श्वासाशिवाय कसलाही आवाज नाही. मी बोलू शकत नव्हतो आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. (वर्गात बोलू शकतो, पण तिथंही कुणाचं अडत नाही.) मला चक्क बरं वाटायला लागलं.

तेवढ्यात ते आले. तीन शार्क, कुणी न बोलावता. काळ्या टोकाचे पर, अंगाला कसलीही घाई नाही. सुनंदा हात छातीशी घेऊन स्तब्ध राहिली. त्यातला एक वळून तिच्यासमोरून संथपणे जायला लागला. तेव्हा मी, शार्कच्या हक्कांचा कैवारी, तिचा पाय धरला. तिच्या पायातलं पोहण्याचं रबरी वल्हं माझ्या हातात आलं. ते मी तलवारीसारखं फिरवलं आणि तोंडातल्या नळीतून असा ओरडलो की बुडबुड्यांचा डोंगर उठला. बुडबुडे विरले तेव्हा समुद्र रिकामा होता.

बोटीवर ओले केस पिळताना सुनंदा कुणाकडेच बघत नव्हती. "माझ्याकडं बघून राहिला होता हो तो," एवढंच म्हणाली. कासवाच्या वेळी मला नुसती लाज वाटली होती. आता वाईट वाटलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी डोळे भरून पाहायला घेतलं होतं, आणि ते मी हाकलून दिलं होतं.

दुसऱ्या सकाळी मायलेकी पुन्हा निघाल्या. झालेलं भरून काढायचं म्हणून मीही सगळ्यात आधी बोटीत जाऊन बसलो. सलीम शेजारी आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार अदबीनं म्हणाला, "सर, आज आप ऊपर ही बैठिए. शार्क लोग बहुत डरे हुए हैं."

दोघी खाली गेल्या, आणि तासाभरानं सुनंदा हसत वर आली. वन्यजीवांसाठी मी आजवर केलेलं काम एवढंच, एक तास बोटीत बसून राहण्याचं. पण शार्कना विचाराल तर ते फार मोठं आहे.