स्टेनलेसचं चाक

"फोरमन, ही पट्टी दोन भोकं कमी करून द्या. आत्ताच्या आत्ता." उमरग्याचे हाडांचे डॉक्टर थेट आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन उभे राहिले. पट्टी म्हणजे मोडलेल्या हाडावर स्क्रूनं बसवतात ती स्टेनलेस स्टीलची प्लेट. आखूड प्लेट सोलापुराहून मागवायची तर चार दिवस गेले असते.

मी सहकारी साखर कारखान्यात फिटर फोरमन होतो. दुष्काळानं ऊस वाळला, गाळप लवकर बंद पडलं, म्हणून आम्ही मिल दुरुस्तीसाठी खोलायला घेतली. ऊस पिळायचा जड रोलर उचलताना साखळी सुटली आणि आमच्या तुळशीराम ऑइलमनची नडगी मोडली. प्लेट त्याच्याच पायात जायची होती.

मग काय, जीव ओतून काम केलं. हॅकसॉनं कापली, ग्राइंडरच्या चाकावर कडा घासून मारल्या, वर बफ मारून आरशासारखी केली.

"वा! कंपनीची वाटते," डॉक्टर म्हणाले. माझी छाती फुगली.

दोन महिन्यांनी त्या पायातून पू यायला लागला. डॉक्टरांनी पाय उघडून प्लेट काढली आणि मला बोलावून घेतलं. ट्रेमध्ये प्लेट होती. मी कापलेल्या टोकाला तांबूस डाग.

"स्टेनलेसला गंज कसा हो?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या ग्राइंडरच्या चाकावर आम्ही रोज साधं लोखंड घासायचो. त्याचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात, डोळ्याला दिसत नाहीत, ओल लागली की गंजतात. हे मला ठाऊक होतं! रसाच्या पंपाचा स्टेनलेस शाफ्ट असता तर चाक आधी बदललं असतं. माणसाच्या पायासाठी नाही बदललं. हे सगळं मी डॉक्टरांना सांगून टाकलं.

"प्लेट उकळून जंतू मेले, लोखंड थोडंच मरतंय?" डॉक्टर म्हणाले. "प्लेटचा पृष्ठभाग स्वच्छ असला की भोवती पेशी नीट वाढतात. इथं मांस काळं पडलंय, हाड सांधलंच नाही. घाई माझी होती, फोरमन."

पुढं सोलापुरात गुडघ्याखाली पाय काढला. मी जाऊन तुळशीरामला सगळं सांगितलं. सांगताना रडलो.

तो म्हणाला, "म्हंजी रोलरखाली वाचलो, अन् तुमच्या हातानं गेलो व्हय?"



कारखान्यानं त्याला टूलरूममध्ये बसवलं. फक्त स्टेनलेससाठी राखून ठेवायला मी वेगळं चाक आणलं. ते आधीच आणायला पाहिजे होतं, एवढाच या गोष्टीचा धडा. चाक तुळशीरामच्या कुलपात असायचं. रिटायर होईपर्यंत ते मागायला मी स्वतः जायचो. तो कुबडी टेकून उठायचा आणि दर वेळी विचारायचा, "कशाला पायजे, फोरमनसाहेब?"

"पंपासाठी," मी म्हणायचो.

मगच तो कुलूप काढायचा.