रंगमिस्त्री

आमच्या कारखान्यात नवा माणूस आला की त्याला वाटायचं, रंगमिस्त्री म्हणजे दारं-खिडक्या रंगवणारा कोणी असेल. त्यांनी आयुष्यात ब्रश हातात धरला नव्हता. ते भट्टीवर होते. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून ते किती तापलंय हे सांगायचे, आणि त्या रंगांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. आधी मिरची, मग पळस, मग संत्रं आणि शेवटी पिठलं. पिठल्याच्या रंगावर सळई बाहेर काढायची आणि हातोड्याखाली द्यायची. त्याच्या पुढे गेली की तिच्यातून पांढऱ्या ठिणग्या उडायला लागतात. त्याला ते लाही म्हणत. "लाही फुटली का थे लोखंड मेलं," ते सांगायचे. "मंग त्याची खुरपीबी होत नाई."

कारखाना अकोल्याच्या एमआयडीसीतला, छोटासाच. आम्ही मालगाडीच्या डब्यांना लागणाऱ्या पिना बनवायचो, अजूनही बनवतो. डब्याच्या पोटाखाली ब्रेकच्या दांड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्येक सांध्यात एक पिन असते. अंगठ्याहून जाड, वीतभर लांब, एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला आडवं भोक. दिसायला काहीच नाही. अमरावतीहून डिप्लोमा करून मी तिथे तपासणीच्या कामावर लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मिस्त्रींना विचारलं होतं, की एवढी भट्टी पेटवून, ठोकून डोकं कशाला बनवायचं? जाड सळई लेथवर कापून काढली तर?

त्यांनी भिंतीला टांगलेला दोर घेतला, त्याचं टोक मुठीबाहेर काढून टेबलावर जोरात दाबलं. टोक फुगलं, पसरलं, पण एकही धागा तुटला नाही. "लोखंडालेबी अशीच रेष असते, बाई," ते म्हणाले. "कापून डोकं काढलं का रेष तुटते. ठोकून काढलं का थे वळते. वळलेली रेष वजन धरते." कॉलेजात हे मी आकृत्या काढून पाठ केलं होतं. मला समजलं ते त्या दिवशी.

ते मला 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'काका'. सकाळी गेटवर भेटले की "जयभीम, बाई" म्हणून पुढे जात. ठोकून झालेल्या पिनेला ते पंख्याची हवा लागू द्यायचे नाहीत. राखेच्या पेटीत पुरून ठेवायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "बाळंतिणीले कोनी वाऱ्यावर बसवते का?" पिन थंड झाली की डोक्याच्या खालच्या कोपऱ्यावरून करंगळीचं नख फिरवत. तो कोपरा गोलसर हवा. नख अडकलं तर पिन बाजूला. माझ्याकडे मोजायची साधनं होती, पण त्या नखाने बाजूला ठेवलेली पिन माझ्या साधनांतून कधी पास झाली नाही.

सुटीच्या दिवशी ते स्टेशनवर जायचे. कुठे जायचं नसायचं. मालगाडी आली की फलाटाच्या टोकाला, जिथून डब्यांची चाकं दिसतात तिथे उभे राहायचे आणि वाकून पाहायचे. मुलीकडे वरूडच्या बाजूला जाताना बडनेऱ्याला गाडी बदलायची असली, की एखादी एसटी मुद्दाम सोडायचे. मी एकदा विचारलं, "काय दिसतं हो काका?" ते म्हणाले, "काही नाई दिसत. पण याच्यात आपली एखादी असन."

एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी मला सांगितलं, की नेत्रतपासणी शिबिरात गेलो होतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय, डॉक्टर म्हणाले अजून घाई नाही. "भट्टीवर काही फरक नाई पडत," ते म्हणाले. "पण साहेबाले सांगू नका. उगाच मनात येते." मी म्हणाले, "मी कशाला सांगते?"

त्यानंतर काही दिवसांनी मालकांनी तापमान मोजायची बंदूक आणली. लोखंडावर रोखायची, घोडा दाबायचा, आकडा दिसतो. मिस्त्री रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी ती आधी स्वतःच्या तळहातावर रोखली, आकडा पाहून हसले आणि माझ्या हाती दिली. "चांगलं झालं. माह्या डोळ्याले आराम."

तो दिवस मला घटकेघटकेने आठवतो. मोठ्या ऑर्डरचा माल निघायचा होता. सकाळी मी बंदूक घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभी होते. आतल्या सळईवर नेम धरला, हवा तो आकडा आला. मी म्हणाले, "काढा."

मिस्त्री म्हणाले, "बाई, हे अजून संत्रं हाये. थांबा जराशा."

"आकडा आला, काका."

त्यांनी सळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातोड्यावरचा माणूस वाट पाहत होता. त्यांनी चिमट्याने सळई बाहेर काढली. दुपारपर्यंत तसंच चाललं. दोन-तीनदा ते थांबले, दोन-तीनदा मी आकडा वाचून दाखवला. जेवणाच्या सुमारास बंदुकीचा सेल संपला. तसा सेल जवळपास कुठे मिळेना, म्हणून दुपारचा माल त्यांनी नेहमीसारखा नजरेवर काढला. आमच्याकडे प्रत्येक पिनेच्या डोक्यावर पाळीचा शिक्का मारतात. सकाळच्या मालावर एक, दुपारच्या मालावर दोन.

आठवड्याने माल तपासायला निरीक्षक आले. चुंबकाची पावडर टाकली की लोखंडातली केसाएवढी चीरही उठून दिसते. डोक्याच्या खाली, त्याच गोल कोपऱ्यात, चिरा निघाल्या. चिरलेल्या प्रत्येक पिनेवर त्यांनी पांढऱ्या रंगाची फुली मारली आणि सगळा माल नापास केला.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "इतकी वर्षं असं झालं नाही. या वेळी काय बदललं?"

मी नोकरीत नवी होते. मी म्हणाले, "सकाळचा माल आकडा पाहून काढलाय, सर. रजिस्टरमध्ये लिहिलंय. दुपारी बंदूक बंद होती. तो माल मिस्त्रींच्या नजरेवर निघाला." इथपर्यंत सगळं खरं होतं. मग कोणी विचारलं नसताना मी पुढे म्हणाले, "त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

मिस्त्रींना आत बोलावलं. मालक म्हणाले, "डोळ्याचं आम्हाला सांगायचं ना." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या हातांकडे पाहत ते म्हणाले, "असन साहेब. कमी दिसत असन. माणसाले सोताचं कळत नाई." त्यांना कोणी काढलं नाही. त्या आठवड्याच्या शेवटी त्यांनीच चिमटा हातोडेवाल्याच्या हाती दिला, नळावर हात धुतले आणि गेटवर मला म्हणाले, "येतो, बाई."

मीही "या काका" म्हणाले.

साडेचार-पाच महिन्यांनी भंगार उचलायला ट्रक आला. शेडमागे नापास पिनांचा ढीग पडला होता. वजन करायच्या आधी मी सहज एक पिन उचलली. पांढरी फुली होती, शिक्का एकचा. दुसरी उचलली. फुली, एक. मग मी खाली बसले आणि ढीग उपसू लागले. ज्या पिनेवर फुली होती तिच्यावर एकचाच शिक्का होता. दोनच्या शिक्क्याच्या पिना होत्या तशाच होत्या, कोऱ्या. त्यांच्यात एकही चीर निघाली नव्हती, पण माल एकाच ऑर्डरचा म्हणून त्याही भंगारात गेल्या होत्या.

मी बंदूक घेऊन भट्टीवर गेले. आतल्या सळईवर रोखली, आकडा बरोबर. तीच सळई बाहेर काढून लगेच रोखली, आकडा धाडकन खाली. आत असताना बंदूक सळईसोबत ज्वाळेची आणि भट्टीच्या भिंतीची उष्णता मोजत होती. म्हणजे सकाळच्या सळया पुरत्या तापायच्या आधीच निघाल्या होत्या आणि ठोकताना चिरल्या होत्या. बंदुकीत बिघाड नव्हता. ती कुठे आणि कशी धरायची हे सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. ते पान मी वाचलं नव्हतं.

त्या दिवशी मी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बंदूक बरोबर धरायला लागले, माल पास व्हायला लागला, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. दोन महिने मी ते ऐकून घेतलं. शेवटी एकदा जेवण जाईनासं झालं तेव्हा मालकांपुढे जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घेऊन या त्यांना."

मिस्त्री आता मुलीकडे राहत होते. ती वरूडच्या पुढे शेंदूरजनाघाटजवळ, संत्र्यांच्या पॅकिंग शेडवर कामाला होती. मी ओळख सांगितली तशी तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबाचं ऑपरेशन झालं, मॅडम. डॉक्टर म्हणते, दिसते चांगलं. पण बाबा म्हणते, मले रंग समजत नाई. शेडवर हिरवे-पिवळे संत्रे वेगळे कराले बसवलं होतं. एका दिवसात उठून आले."

मिस्त्री मागच्या अंगणातून आले. वाळले होते. बसायच्या आधीच मी सांगायला सुरुवात केली. बंदूक, शिक्के, फुल्या, सगळं. ते उभ्याने ऐकत होते.

"म्हंजे दुपारच्या चांगल्या होत्या?"

"हो, काका."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ते बाजेवर बसले. "मले वाटलं, बाई शिकलेली हाये. थे म्हणते म्हंजे डोळेच गेले असन." मग म्हणाले, "टेशनवर जाणंच सोडलं मी. गाडी दिसली का वाटे, याच्यात माह्या हातची आधीची एखादी चिरलेली असन, अन् थे तुटन."

मी समजत होते, की चूक माझ्या आकड्याची आहे हे जाणूनही त्यांनी माझा बोभाटा केला नाही. मनातल्या मनात त्यांच्या मोठेपणाचा आधार घेऊन मी जगले होते. त्यांनी तर माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी त्यांची नोकरी घालवली असं मला वाटत होतं. मी त्यांचे डोळे घालवले होते. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मुलीला चहा ठेवायला सांगितला.

ते आले एकदा. सोमवार होता. हातोडेवाल्याने त्यांच्या पाया पडून चिमटा पुढे केला. भट्टी पेटली होती, सळई आत होती, मी बंदूक मुद्दाम कपाटात ठेवली होती. ते आपल्या जुन्या जागी उभे राहिले. सळई तापत गेली. मला वाटलं, आता म्हणतील. वेळ आली हे मलाही दिसत होतं, कारण ते पाहायला त्यांनीच शिकवलं होतं. ते काही बोलले नाहीत.

"काका?" मी म्हणाले.

त्यांनी चिमटा हातोडेवाल्याला परत दिला. "तुमीच सांगा, बाई. मले भेव वाटते."

मी म्हणाले, "काढा." पिन चांगली झाली.

दुपारी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं मुलीने फोनवर कळवलं. त्या दिवशी खिडकीत बसून ते मला म्हणाले, "एक चूक माहीबी हाये. सकाळी मले दिसून राहिलं होतं का लोखंड कच्चं हाये. मी चिमटा खाली ठेवाले पायजे होता. तुमच्या आकड्यापुढं गप बसलो."

"काका, चूक माझीच होती."

"तुमची तं होतीच," ते म्हणाले. ते माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. "आता कोनी थांबा म्हटलं तं थांबसान?"

"थांबेन."

त्यांनी मान हलवली. कंडक्टरने घंटी मारली. गाडी फाटकातून बाहेर पडून अमरावतीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते.