न विकलेला बगीचा

दुकानात माणूस शिरला की दुकानदार काय हवं ते विचारतो. खेळवाल्या बाई विचारायच्या, "पोट्टं कुठी हाय?" सोबत लेकरू नसलं की त्या सोपेच्या, म्हणजे बडीशेपेच्या, डबीकडे वळायच्या. गिऱ्हाईक सांगायचं, वाढदिवस आहे, गुपचूप न्यायचंय. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "चप्पल घ्याले पाय घरी ठेवून येता काय?"

अमरावतीत ज्यांची मुलं अलीकडे लहानाची मोठी झाली, त्यांतल्या पुष्कळांनी हा टोमणा खाल्लेला असेल. गांधी चौकामागच्या गल्लीत, टेलरच्या शेजारी, एक अरुंद दुकान. खाली सतरंजी, वर छतापर्यंत खेळांची खोकी. बाई सत्तरीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्याशी माझं भांडण होतं आणि अजूनही आहे. ते आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी आरती ओवाळायला बसलोय.

मी संत्र्याचा व्यापारी. तिवशाच्या बाजारात हातगाडीवर फळं विकण्यापासून सुरुवात केली, आता झाडावरचा माल आख्ख्या बगीच्याने घेतो. मला कोणी काही शिकवलं नाही. सौदा तुटू द्यायचा, उठून चालायला लागायचं आणि मागून हाक येईपर्यंत मान वळवायची नाही, हे मी माझं मीच शिकलो. हाक येतेच. आयुष्यात एकच सौदा मी वाईट केला, तो घरचा. बायको वेगळी झाली आणि आमच्या मुलीला, जुईला, घेऊन अकोल्याला माहेरी गेली. चार माणसं बसली आणि ठरलं की एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी जुईचा मामा तिला अमरावतीला आणेल आणि संध्याकाळी परत नेईल. सहा वर्षांच्या मुलीचा बाप रविवारावर आला.

तर पहिल्या रविवारच्या आधी मी बाईंच्या दुकानात गेलो. एकटाच. मला व्यापाराचा खेळ हवा होता, शहरं विकत घेण्याचा, सगळ्यांत मोठ्या खोक्यातला. म्हटलं, पोरगी बसल्या बसल्या बापाचा धंदा शिकेल.

"नाई देत," बाई म्हणाल्या. "हा खेळ तुमचा हाय. तिचा नाई."

"पैसे मी देतोय ना?"

"म्हून तं म्हणतो, तुमचा."

मी भाव वाढवला. घेणाऱ्यानेच भाव वाढवायचा, हे मी जन्मात केलं नव्हतं. बाईंनी सोप तोंडात टाकली. "दादा, तुमाले खेळ इकत घ्याचा हाय का पोट्टी?"

मी उठलो. दुकानाची पायरी उतरलो, गाडीला किक मारली, मुद्दाम दोनदा मारली. मागून हाक आली नाही. माझ्या मागे हाक न देणारी ती पहिलीच व्यक्ती. तो राग मी घेऊन गेलो आणि तोच खेळ बसस्टँडजवळच्या दुकानातून भाव न करता घेतला.

रविवारी माझ्या घरी खोकं उघडलं. जुईला त्यातल्या गुलाबी नोटा फार आवडल्या. इतक्या आवडल्या, की तिने नागपूर देऊन टाकलं, एका गुलाबी नोटेला. ती सगळ्यांत लहान नोट होती. मी तिला समजावलं. माझ्या मते मी समजावलंच. बगीच्यात दहा ओळींपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची सवय असते, दुसरा आवाज माझ्याकडे नाही. "असा सौदा करते का कोणी? नागपूर देते का कोणी?" जुई उठली, दारात गेली, उलटसुलट पायांत बूट घातले आणि मामाच्या शेजारी जाऊन बसली. जेवलीही नाही.

पुढच्या खेपेला मामाचा फोन आला. "भाऊजी, जुई याले नाई म्हणते. पप्पाच्या घरी नाई जात म्हणते."

"तुझी बहीण शिकवून राहिली तिले!"

"ताई काईच नाई बोलली, भाऊजी. पोट्टी रडून राहिली इथं."

फोन ठेवला आणि मी थेट बाईंच्या दुकानात गेलो. भांडायला माणूस लागतो. म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तिथेच नाट लागली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची ही एक खोड होती. समोरचा ओरडत असला की त्या चष्मा काढून पदराला पुसत बसायच्या, जणू आपण ओरडतोय ते त्यांना नुसतं दिसत होतं आणि आता तेही दिसायला नको होतं. शेवटी म्हणाल्या, "घरी नाई म्हणते ना? मंग इथं आणा. माहं दुकान काई तुमचं घर नाई."

मामाला मी अकोल्याला जाऊन भेटलो. बायकोच्या माहेरच्या पायरीवर उभा राहून बोललो, आत कोणी बोलावलं नाही. तो म्हणाला, दुकानात चालेल, पण जुई उठली की मी तिला घेऊन निघेन. आणि हेही म्हणाला, की याही वेळी रडली तर पुढच्या रविवारचं काही सांगता येणार नाही.

जुई आली. मामाच्या शर्टाचं टोक धरून दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अनोळखी लेकराशी त्या आपणहून कधीच बोलत नसत. सतरंजीवर सापशिडी पसरली आणि एकट्याच खेळायला लागल्या, तेही चुकीचं. फाशावर तीन पडले, सोंगटी पाच घरं पुढे. साप लागला, तर त्याच्यावरूनच वर. मी मध्ये बोलणार तोच त्यांनी मला नुसतं बोट दाखवलं. तिसऱ्या सापाला जुईला राहवलं नाही. "आजी, खाली जायचं असतं."

"असं काय? बापा! मले कोणी सांगितलंच नाई. बस बरं, दाखव."

जुई बसली. मामा पायरीवर टेकला. दोन डाव झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "पोट्टीचं माप झालं. आता तुमचं."

माझं माप काय घेणार, असं मी म्हणतोय तोच माझा फोन वाजला. चांदूर रेल्वे गावाच्या पुढे माझा ट्रक बंद पडला होता, आत माल होता आणि ड्रायव्हर म्हणत होता, उद्या पाहू. मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवून पाहिलं तर जुईचे खांदे कानांपर्यंत गेलेले, डोक्यावर काहीतरी पडणार असल्यासारखे. हात बुटांकडे गेला होता. मामा उभा राहिला होता.

बाई घाईघाईने मागच्या खोलीत गेल्या आणि पुठ्ठ्याची घडी घेऊन आल्या. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हाताने काढलेलं संत्र्याचं झाड. संत्री म्हणजे नारिंगी रंगवलेले चिचोके, बऱ्याच जणांचा रंग उडालेला. एक छोटी टोपली. आणि लाकडाचं एक वानेर, त्याची शेपटी तुटकी. लाकडी फाशाच्या निम्म्या बाजूंना नारिंगी ठिपका, निम्म्यांना काळा. नारिंगी पडलं की एक संत्रं टोपलीत. काळं पडलं की वानेर एक फांदी वर. सगळी संत्री टोपलीत यायच्या आधी वानेर शेंड्याला पोचलं की बगीचा गेला.

"जिंकते कोण?" मी विचारलं.

"तुमी दोघं. नाई तं वानेर."

"म्हणजे माझ्याविरुद्ध कोण?"

"कोणीच नाई. भेव वाटते काय?" आणि मग हळू आवाजात, "दादा, आवाज देवानं देला हाय, थो काई काढून ठेवता येत नाई. त्याले काम देऊ."

मी बसलो, कारण जुईचा एक बूट पायात होता आणि एक अजून हातात. फासा माझ्याकडे आला आणि पहिल्याच दानाला काळं पडलं. वानेर चढलं. जुईने नारिंगी टाकलं, मी पुन्हा काळं. ते तुटक्या शेपटीचं ध्यान माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बगीच्यात वर जात होतं. "उतर! उतर खाली! कोणाच्या बगीच्यात शिरून राहिला तू?" मी ओरडलो. जुईचे खांदे वर गेले. मी लगेच गप्प झालो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे, मग बोट जिकडे होतं त्या वानेराकडे. खांदे खाली आले. पुढचं काळं तिच्याकडून पडलं आणि माझ्या पोरीने तिवशाच्या बाजाराला शोभेल अशा आवाजात म्हटलं, "उतर ना बे!"

शेजारचा टेलर मशीन थांबवून डोकावला.

आम्ही हरलो. शेवटचं एकच संत्रं झाडावर राहिलं आणि वानेर शेंड्याला गेलं. मला वाटलं, संपलं, आता बूट. जुईने टोपली उपडी केली आणि एकेक चिचोका पुन्हा झाडावर मांडायला लागली. तेव्हा बाईंनी मला ते सांगितलं, जे त्या बहुतेक सगळ्यांना सांगत, पण मी ते माझ्या एकट्याचं समजतो. "जिंकल्यावर तं कोणीबी पुन्हा मांडते, दादा. हरल्यावर लेकरू ज्या खेळाच्या सोंगट्या पुन्हा मांडते, थो त्याचा खेळ."

मी लगेच म्हटलं, काय घ्यायचं ते घ्या, हा द्या. बाई म्हणाल्या, "हा इकाचा नाई."

इथून आमचं खरं भांडण सुरू झालं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी जुई आली, दुकानात, सतरंजीवर, आणि मी दर वेळी बगीचा मागितला. माझी पोरगी माझ्या घरी येत नाही, हा खेळ घरी असता तर आली असती, हे मी त्यांना तऱ्हेतऱ्हेने सांगितलं. गोडीने सांगितलं, चढून सांगितलं. त्या मोठ्या माणसांशी खेळताना फाशाची उघड लबाडी करायच्या आणि पकडलं तर म्हणायच्या, "मोठ्यायसंग केली तं पाप नाई लागत." पण खेळाच्या विक्रीत त्यांनी कधी लबाडी केली नाही आणि दयाही केली नाही. माझ्याकडून त्यांनी घेतलं ते एवढंच, की जुने चिचोके झिजले तेव्हा माझ्या अंगणातल्या चिंचेचे मूठभर नेऊन दिले, ते. जुईने ते दुकानात बसून रंगवले. "तुमच्या घरी चिंच आहे?" तिने विचारलं होतं. 'आपल्या' म्हणाली नाही. माझ्या ते लक्षात राहिलं.

मग एका आठवड्यात कळलं की बाई दुकान बंद करतायत. गुडघे गेले होते, मुलगा नागपूरला न्यायला आला होता. मी धावत गेलो. खोकी बांधली जात होती. मी म्हटलं, बाई, आता तरी द्या, आता तर तुम्हाला ठेवायचाही नाही.

"देला," त्या म्हणाल्या. "चांदूर रेल्वेचं एक पोट्टं हाय, कोणासंगच बोलत नाई. त्याच्या मायले देला."

"आणि माझी पोरगी? रविवारी ती इथं येणार. शटर दाखवू तिला?"

"तुमचं काम झालं, दादा."

"माझं काम झालं हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?" मी असा ओरडलो, की मुलगा खोकं टाकून आला. बाई चष्मा पुसत राहिल्या. मी पायरी उतरलो. गाडीजवळ जाऊन उभा राहिलो, किल्ली शोधल्याचं नाटक केलं. हाक आली नाही. तीच आमची शेवटची भेट.

रविवारी गल्लीत शटर खाली होतं. जुई आणि मामा अकोल्याहून आलेले, ऊन वर चढलेलं आणि माझ्याजवळ तिला दाखवायला काही नव्हतं. मामाने फोनमध्ये परतीच्या गाडीची वेळ बघायला सुरुवात केली.

"वानेर कुठे गेलं?" जुईने विचारलं.

"दिलं बाईंनी. दुसऱ्याला." माझा आवाज चढला होता. "मी खेळ मागितला, तरी दुसऱ्याला दिला."

जुईने शटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. खांदे जागेवरच होते. "मग आपण करू," ती म्हणाली. "चिंच आहे ना आपल्या घरी?"

मला भाव लावता येतो, तोडता येतो. त्या वेळी फक्त गाडीवरचं सीट हाताने पुसता आलं.

त्या दुपारी माझ्या घरात लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर झाड निघालं. रंग ओलाच होता, तरी ती खेळायला बसली, सगळी बोटं नारिंगी. वानेर तिने खोडरबराचं केलं आणि त्याला माझ्यासारख्या मिश्या काढल्या. आम्ही आळीपाळीने त्याच्यावर ओरडलो. जेवढे डाव झाले, तेवढ्यांत जिंकलं तेच.

बाईंवरचा माझा राग गेलेला नाही. त्यांचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आणि मला विचारलं नाही. असा सौदा मी कुणाशी करत नाही. नागपूरला फोन करावा असं कधी कधी वाटतं, पण आधी मी का करावा? त्या दुपारी तरी त्यांनी तिथे असायला हवं होतं, पाहायला आणि पाहून माझ्याशी भांडायला.

संध्याकाळी मामा जुईचे बूट हातात घेऊन दारात उभा राहिला. "चाल, जुई. गाडी जाईन."

जुईने मान वर केली नाही. ती फरशीवर पालथी पडून चिचोके झाडावर मांडत होती. "थांब ना, मामा. पप्पा, वानेर ठेवा."

मी वानेर उचललं आणि खालच्या फांदीवर ठेवलं.