खंगाळलेलं दूध

"मशिन खोटं बोलत न्हाय, मालुआक्का. पाणी सहा टक्के. दूध परत करा."

"म्हंजे अक्काताई खोटं बोलतीया व्हय? माझ्या तोंडाम्होरं म्हण."

"मी कुठं म्हणतोय? मशिन म्हणतंय."

"मग मशिनला सांग, तिच्या दारात जाऊन म्हण म्हणावं."

रांगेतल्या बायका हसल्या. डेअरीचा सुपरवायझर नागेंद्र हसला नाही. अक्काताई कॅन पोटाशी धरून काट्यापाशी उभी होती.

सव्वीस वर्षं मालुबाई नंदगडाहून पहाटेच्या बसनं बेळगावला, खासबागेत दूध घालायची. मग तिथल्या घरांत पिशव्या आल्या, लायसन विचारायला लागले, गुडघ्यांना बसची पायरी झेपेना. डेअरीनं गावात संकलन केंद्र काढलं आणि तिलाच चालवायला दिलं, कारण चौदा घरं तिच्या शब्दावर आली होती. त्यांत पहिलं घर अक्काताईचं.

नागेंद्रनं आवाज उतरवला. "सगळ्यांचं एकाच टाकीत जातंय, आक्का. टाकी परत आली तर तेरा घरं बुडतील आणि केंद्रही जाईल."

मालुबाई अक्काताईकडे वळली. "काय घातलंस गं?"

"काय घालू? धार काढली, भांडं वाटीभर पाण्यानं खंगाळलं, ते कॅनमधी वतलं. तूच न्हाय का शिकवलंस? दूध मोरीत जाऊ द्यायचं न्हाय म्हणून."

रांगेत मागं दोघीतिघींनी आपापल्या कॅनची झाकणं दाबून बघितली. नव्यानं धार काढायला बसलेल्या प्रत्येक सुनेला मालुबाईनं हेच सांगितलं होतं, आणि खासबागेत त्या वाटीबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं.

"ऐका गं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिनं पाणी घातलं न्हाय. शिकवलं मी, चुकलंय माझं. उद्यापासनं खंगाळलेलं म्हशीच्या पेंडीत वता."

"आणि आजचं?" नागेंद्रनं विचारलं.

मालुबाईनं टाकीकडे बघितलं. मग तिनं अक्काताईच्या दंडावर हात ठेवला.

"आजचं घरी ने, बाई. इरजण लाव. उद्या येशील न्हवं?"

अक्काताईनं दंड सोडवून घेतला, कॅन कडेवर घेतला आणि रांगेच्या कडेकडेनं बाहेर पडली.