सत्तावन्न मूळ संख्या नाही

रुबी शेख शिक्रापूरला पोपटराव सरांच्या क्लासमध्ये सहावीला गणित शिकवायची. ती माझी मैत्रीण. मी गणिताला घाबरून मराठी घेतलं आणि बी.ए. झाले. ती म्हणायची, "तेजू, तुला लहानपणी कुणी हातात चिंचोके दिले नाहीत, बाकी काही नाही."

ती पोरांना चिंचोके द्यायची. बारा मांडा. दोन ओळी होतात, तीन होतात, चार होतात, प्रत्येक ओळीत सारखे. हे बाराचे अवयव. आता तेरा मांडा. पोरं खटपट करायची. काही ना काही उरायचंच. शेवटी सगळे चिंचोके एकाच ओळीत. "ही मूळ संख्या," ती म्हणायची.

मग ती मुद्दाम चुकायची. फळ्यावर एक्क्याण्णव लिहायची आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "मूळ संख्या."

"मॅडम, फसवताय! तेर सत्ते एक्क्याण्णव!"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच शिकिवलं आन् तुम्हीच इसरलात व्हय?" पहिल्या बाकावरच्या समृद्धीचा आवाज बाहेरच्या टपरीपर्यंत जायचा.

दिवाळीनंतर कोरेगाव भीमाजवळ एका ट्रकनं रुबीच्या स्कूटीला उडवलं. डोक्याला मार बसला. ती वाचली. चालू लागली, बोलू लागली, माझी चेष्टाही करू लागली. फक्त आकडे निसटायचे. पाढा म्हणताना मध्येच एखादी पायरी गळायची आणि तिला ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, कदाचित नाहीही. तिला तिचा वर्ग परत हवा होता. दुसरं काही ती मागतच नव्हती.

"एक तास घेऊन बघा," पोपटराव सर म्हणाले. "जमलं तर वर्ग तुमचाच."

मी सोबत गेले, मागच्या बाकावर बसले. तास छान चालला. चिंचोके निघाले, पोरं हसली. मग तिनं फळ्यावर सत्तावन्न लिहिलं.

"मूळ संख्या."

समृद्धीचा हात झटकन वर गेला. "एकोणीस त्रिक..." म्हणत ती अर्धी उठलीसुद्धा. सगळी पोरं रुबीकडे बघत होती. ती आता हसेल, असं मलाही वाटलं. रुबी हसली नाही. खडू हातात घेऊन ती पुढच्या संख्येचा विचार करत होती.

समृद्धीनं हात खाली घेतला.

"काय गं?"

"काय न्हाई, मॅडम. बरोबर हाय."

शेजारच्या पोरानं मान डोलावली. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि वहीत लिहून घेतलं. सत्तावन्न, मूळ संख्या.

रुबीनं फळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चूक तिला दिसत नव्हती. पण तिनं पोरांकडे पाहिलं आणि तिला कळलं.

तास संपवून ती बाहेर आली. पोपटराव सर दारातच होते. "चांगलं झालं की, मॅडम! पोरं किती शहाण्यासारखी बसली होती."

"व्हय ना," रुबी म्हणाली. "सर, त्यांना दुसऱ्या मॅडम बघा."

"अहो, का?"

"माझ्याशी भांडंनात ती."

मी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि रस्ता ओलांडायला ट्रक जाण्याची वाट बघत उभी राहिली.