वहिनीचे पुसलेले फोटो

माझ्या लग्नाचा अल्बम काकांनी करवून घेतला. तो मी सासरी कधी कुणाला दाखवला नाही. फाडून बंबात घालावा असं पुष्कळदा मनात आलं. घातला नाही, कारण त्यात आई आहे आणि आईचे नटलेले फोटो दुसरे कुठले नाहीत. पण त्यात माझी वहिनी नाही. ज्या बाईच्या कॅमेऱ्यावर ते सगळे फोटो निघाले, तीच त्यात नाही, आणि ती नसण्यामागं माणसं आहेत. तीही घरचीच.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं. थोरला भाऊ फौजेत होता. एका सुट्टीला येताना त्यानं कॅन्टीनमधून डिजिटल कॅमेरा आणला. तोवर आम्हाला कॅमेरा म्हणजे रोलचा माहीत. रोल जपून वापरायचा, संपला की सांगलीला धुवायला द्यायचा आणि काय निघालंय ते आठवड्यानं कळायचं. कुणाचे डोळे मिटलेले असोत, कुणाचं डोकं कापलेलं असो, आलेला फोटो आलेला असायचा. तो पिशवीत राहायचा. ह्या नव्या यंत्राला मागं काडेपेटीएवढा पडदा होता आणि त्यात फोटो लगेच दिसायचा. आईनं त्यात स्वतःला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि भावाला परत काढायला लावला. गल्लीतल्या बायका "दाव, दाव" करत त्याच्या खांद्यावरून वाकायच्या. सेल मात्र लय खायचा. अंगणात दोन-चार फोटो काढले की बंद पडायचा, आणि सेल बदलले की त्यातली तारीख मागच्या कुठल्या तरी सालात जायची.

त्याच्याबरोबर आलेलं कार्डही लहानसं होतं. थोडेच फोटो मावायचे. त्यामुळं भाऊ काढायचा आणि बघून लगेच पुसायचा. हलला, पूस. अंधार आला, पूस. आम्हाला त्यात फार मोठी सोय वाटायची. रोल वाया जायची भीती गेली म्हणून आम्ही सगळे खूश होतो.

पुढच्या हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर त्याचा ट्रक दरीत गेला. तिरंग्यात गुंडाळून त्याला गावात आणलं. वहिनीचं तेव्हा वय ते काय. मूलबाळ नव्हतं. तिच्या माहेरचे न्यायला आले होते, पण आईची तब्येत बघून ती राहिली. पुढं अंगणवाडीत लागली. कॅमेरा तिनं शिकून घेतला. नवं मोठं कार्ड घेतलं आणि भावाच्या हातचं लहान कार्ड डबीत घालून ठेवलं. अंगणवाडीतली पोरं, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाची नवी जर्सी गाय, कुणाच्या म्हाताऱ्याचा कागदपत्रांना लागणारा फोटो, सगळ्याला वहिनीला बोलावणं यायचं. डोहाळजेवणालासुद्धा. तिथं ती कोपऱ्यातून फोटो काढायची आणि ओटी भरायची वेळ झाली की आपली आपण बाहेर यायची. कॅमेऱ्यामागं उभी असली की ती सगळ्यांना चालायची. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मग माझं लग्न साताऱ्यातल्या एका शिक्षकाशी ठरलं. फोटो वहिनीच काढणार हे कुणी ठरवायचीही गरज नव्हती.

हळदीच्या दिवशी मांडवात बायकांनी मला हळद लावली. वहिनी लांबून फोटो काढत होती. मी उठून आत गेले आणि तिला आत बोलावलं. हळदीची वाटी तिच्यापुढं धरली. ती नको म्हणाली. बायका काय म्हणतील, तुझ्याच संसाराला लागेल, असलं सगळं तिनं मलाच समजावून सांगितलं, म्हणजे जे लोक तिला सांगत आले ते तिनं पाठ केलेलं होतं. मी तिचा हात धरून वाटीत बुडवला. ती लग्न होऊन आल्यापासून माझी वेणी घालणारा तो हात होता. शेवटी तिनं दोन्ही गालांना हळद लावली आणि आम्ही दोघी रडत रडत हसलो. माझी मैत्रीण शेजारी होती. तिनं वहिनीच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि आमचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी अक्षतांनंतरही मैत्रिणीनं तिला माझ्याशेजारी उभं करून बरेच फोटो घेतले. वहिनी त्या दिवशी मोरपंखी साडी नेसली होती. मीच नेसायला लावली होती.

ते फोटो मी पडद्यावर तेवढे पाहिले आणि सासरी गेले.

दिवाळीला माहेरी आले तेव्हा अल्बम येऊन पडला होता. पानं उलटत गेले. मांडव होता, जेवणावळ होती, काकांचे ओळखीचे पुढारी होते. वहिनी कुठंच नव्हती. मला वाटलं, काही फोटो धुवायचे राहिले असतील. आईला विचारलं. ती आधी कामाचं निमित्त काढून चुलीपाशी गेली. मी मागं गेले. मग तिनं सांगितलं.

मी सासरी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी काका पडवीत कॅमेरा घेऊन बसले. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सांगलीत राहतात, पण घरात आणि भावकीत शब्द त्यांचाच चालतो. शेजारी त्यांचा मुलगा, कॉलेज झालेला, यंत्रातलं कळणारा. तो एकेक फोटो दाखवायचा आणि जिथं वहिनी दिसेल तिथं काका म्हणायचे, काढ. कॅमेरा दरवेळी विचारायचा की खरंच पुसायचा का. मुलगा ते मोठ्यानं वाचायचा आणि काका दरवेळी म्हणायचे, व्हय. हळदीचा पुसला. अक्षतांनंतरचे पुसले. एका फोटोत ती नुसती मागच्या रांगेत ताटं घेऊन चालली होती, तोही गेला. हे चालू असताना वहिनी चहा घेऊन आली. तिनं पडदा पाहिला, कप खाली ठेवले आणि आत गेली. बाबा तिथंच बसले होते.

नंतर मुलानं कार्ड सांगलीला नेलं, उरलेले फोटो छापून घेतले आणि कार्ड परत आणून दिलं. वहिनीनं ते कॅमेऱ्यात घातलं, कॅमेरा ट्रंकेत ठेवला आणि त्यानंतर हातात घेतला नाही. गावातून बोलावणं आलं की बिघडलाय म्हणून सांगायची.

भाऊबीजेला काका आले. मी सगळ्यांसमोर विचारलं. आमच्याकडं काकांना असं विचारायची पद्धत नाही, त्यामुळं ते आधी हसले. म्हणाले, लग्नाचा अल्बम पिढ्या बघत्यात, त्यात असलं नसावं.

"असलं म्हंजे काय, काका?"

"तुला कळतंय ते. मी तिला घरातनं काढलं का? फोटूतनं काढलं."

"रोल असता तर काय केलं असतं?"

"तवा इलाज न्हवता," काका म्हणाले. "आता हाय."

हे ते अगदी शांतपणे बोलले, आणि मला त्याचाच संताप आला. अंगात राग असता, भांडण असतं, तर समजलं असतं. त्यांना ती नुसती सोय वाटत होती. हललेला फोटो पुसावा तशी त्यांनी एक जिवंत बाई पुसली आणि वर चहा प्यायले. मी बाबांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. खरं सांगायचं तर काकांपेक्षा माझा राग बाबांवर जास्त होता. मुलगा त्यांचा गेला होता. सून त्यांना दोन वेळचं जेवण वाढत होती. एकदा "ऱ्हाऊ दे" एवढं म्हणाले असते तरी काका थांबले असते.

ती रात्रच नव्हे, पुढं कित्येक दिवस मी धुमसत होते. साताऱ्यात नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की पुसलेले फोटो कार्डातून लगेच जात नाहीत असं त्यानं ऐकलंय. त्या जागेवर नवा फोटो बसला तरच जुना जातो. मला एकदम आठवलं की वहिनीनं त्यानंतर एकही फोटो काढलेला नाही.

मी तिला चार दिवस राहायला म्हणून साताऱ्याला बोलावलं आणि येताना कॅमेरा आण म्हणून सांगितलं. पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान होतं. वहिनी पायरीवर थांबून म्हणाली की कशाला उकरून काढतीस, झालं ते झालं. मी ऐकलं नाही. दुकानदारानं कार्ड घातलं आणि रिकामी जागा आहे तिथंच शोधणारं काहीतरी चालू केलं. बराच वेळ गेला. मग पडद्यावर लहान लहान चौकोन उमटायला लागले. पहिला मोरपंखी रंग मला दिसला, वहिनीला मात्र अजून कळलं नव्हतं. एकामागून एक ती येत गेली. ताटं घेऊन चाललेली, माझ्याशेजारी उभी, आईच्या मागं. हळदीचा फोटो अर्धाच आला. खालचा भाग राखाडी पट्ट्यांचा, वर आमचे दोन चेहरे. तिच्या हातांचा आणि हळदीच्या वाटीचा पत्ता नव्हता. दुकानदार म्हणाला, एवढाच निघतोय. जे हात चालत नव्हते नेमके तेच गेले, हे बघून मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

कॅमेऱ्याच्या पिशवीत ती जुनी डबी होती. दुकानदारानं विचारलं, हेही बघायचं का. वहिनीनं डबी पुढं केली. त्यानं लहान कार्ड घातलं. त्यातून भावानं स्वतः पुसलेले फोटो निघाले. हललेले, अंधारलेले, काही नुसते रंगाचे फराटे. आणि एक असा की मी खुर्चीतून उठले. परड्यातल्या दगडावर वहिनी बसलेली, आणि डाव्या बाजूनं भाऊ पळत तिच्याकडं येतोय. कॅमेरा कशावर तरी ठेवून, आपोआप फोटो निघायचं बटण दाबून तो पळाला असणार आणि वेळेत पोचला नसणार. त्याचा चेहरा पुरता फिसकटलाय, पण हसू कळतं. वहिनी त्याच्याकडं बघून खळखळून हसतेय. दोघांचा एकत्र असा, लग्नातला स्टुडिओचा फोटो सोडला तर, घरात दुसरा फोटो नव्हता.

वहिनी पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"हा त्यांनी माझ्यासमोरच पुसला हुता," ती म्हणाली. "मीच म्हणलं, हललाय, ठेवायचा कशाला."

मग तिनं दुकानदाराला सांगितलं, "हा धुऊन द्या." अजून तिच्या तोंडी रोलचाच शब्द होता.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, बघा, शेवटी चांगलं झालं, फोटो मिळाले. मला तेही ऐकवत नाही. एका यंत्रानं कोपऱ्यात चुकून जपलं म्हणून माणसांनी केलेलं चांगलं होत नाही. फोटो परत आले म्हणून ती चहाचे कप ठेवून आत गेली ते मागं फिरत नाही.

ते सगळे फोटो छापून मी दुसरा अल्बम केला. साताऱ्याला माझ्या मुलीच्या बारशाला तो मधोमध ठेवला. बायकांनी हातोहात बघितला. काही जणी वहिनीला म्हणाल्या की साडी काय खुलून दिसतीया. काकांच्या हाती आला तेव्हा त्यांनी दोन पानं उलटली, मिटला, आणि पंगत बसली का विचारलं. बाबांनी चष्मा लावून तो फिसकटलेला फोटो पाहिला. खूप वेळ पाहिला. मी वाट बघत होते की आता तरी काही म्हणतील. पाळण्याची दोरी मी वहिनीच्या हातात दिली आणि तिनं ती धरली. कुणी अडवलं नाही, कारण ते माझं घर होतं.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गेल्या वर्षी काकांच्या थोरल्या मुलाकडच्या नातवाचं लग्न झालं. कुटुंबाच्या ग्रुपवर शेकड्यांनी फोटो आले. वहिनी एकातही नव्हती. तिला हळदीला बोलावलंच नव्हतं, त्यामुळं पुसायचं कामही उरलं नव्हतं.

आणि ह्याच लोकांना सव्वीस जानेवारीला ती लागते. वीरपत्नी म्हणून. झेंड्याजवळ, शाल-नारळ देताना, मधोमध. काका शेजारी उभे राहतात, सरपंच दुसऱ्या बाजूला, आणि तो फोटो चावडीत मोठा करून लावतात. वर्षानुवर्षं ती जात होती, भावाचं नाव घेतात म्हणून. ह्या खेपेला काका स्वतः घरी आमंत्रण घेऊन आले तेव्हा मी तिथंच होते. वहिनीनं त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि पदर सावरून समोर उभी राहिली.

"आवं मामंजी, हळदीला चालत न्हाई ती झेंड्याला कशी चालती, तेवढं सांगा," ती म्हणाली. "मग यायचं का न्हाई ते बघू."

काका पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं. ते उठून निघाले. वहिनी त्या दिवशी अंगणवाडीतल्या पोरांबरोबर लांब, शाळेच्या कुंपणापाशी झेंड्याला उभी राहिली. व्यासपीठावरून तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. ती जागची हलली नाही. मी तिच्याशेजारी होते, आणि काका माईकजवळ हातात शाल घेऊन तसेच उभे होते.